परसबागेतील तणांचा बंदोबस्त

ऊस उत्पादक सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आपण नेहमी उसाचेच बोलतो. लागणीची तारीख, बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या, खोडव्याची निगा हे विषय चालू असतात व पुढेही चालतील. या वेळी मात्र उसाचे शेत सोडून वस्तीच्या मागच्या अंगाला, म्हणजे परसात जाऊ. त्याला कारण घडले ते आधी सांगतो.

गेल्या हंगामात मी लागणीचा ऊस पाहण्यासाठी एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. उसातील तणासाठी टू-फोर-डी हे तणनाशक मारायचा सल्ला मीच त्यांना दिला होता. ऊस स्वच्छ होता, त्यामुळे मीही खूष होतो. निघताना घरातल्या वहिनींनी हाक मारली. म्हणाल्या, "साहेब, उसाचं मागनं बगा. आदी माज्या टमाट्याला काय झालंय ते सांगा."

परसात दहा-बारा टोमॅटोची झाडे होती. शेंड्याची पाने बारीक आणि पिळवटलेली. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकले, "बोकड्या आहे वहिनी, पांढरी माशी आणते. रोगट झाडं उपटा." आणि गाडीला किक मारली.

चार दिवसांनी पुन्हा जाणे झाले तेव्हा नीट बघितले आणि माझी चूक माझ्या ध्यानात आली. एकट्या टोमॅटोलाच नव्हे, शेजारच्या घेवड्याला आणि मांडवावरच्या दोडक्यालाही तसेच झाले होते. देठ खाली वळलेले, खोड वाकडे, नवीन पान नेच्याच्या पानासारखे चिंचोळे. त्याच वाफ्यांच्या कडेचा कांदा, लसूण आणि मका मात्र खडखडीत बरा. बोकड्या हा विषाणूजन्य रोग असा एका दिवसात सगळ्या भाज्यांवर येत नाही. तो एका-दोन झाडांपासून सुरू होतो व हळूहळू पसरतो. रुंद पानांचे सगळे एकदम वाकडे आणि गवताच्या व कांद्याच्या जातीचे सगळे सरळ, ही खूण टू-फोर-डीची. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. ज्या पंपाने उसावर तणनाशक मारले, तोच पंप दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने एकदा खळबळून वहिनींनी माव्यासाठी भाजीवर निंबोळी अर्क मारला होता.

तणनाशक मारा असे मी सांगितले होते. पंपाचे काय करायचे ते सांगितले नव्हते. म्हणून हा लेख.

परसबाग कशासाठी?

उसाचा पैसा वर्षातून एक-दोनदा हप्त्याने येतो. भाजी मात्र रोज लागते. दोन-चार एकर बागायत असलेल्या आपल्या कित्येक सभासदांच्या घरी आठवडे बाजारातून पिशवी भरून मेथी-वांगी येते, हे मी गटात फिरताना बघतो. पाणी आहे, खत आहे, जमीन आहे. अर्धा गुंठा, म्हणजे सुमारे साडेपाचशे चौरस फूट जागा व्यवस्थित राखली तर तीन फूट रुंद व दहा फूट लांब असे आठ-दहा वाफे बसतात. घरापुरत्या पालेभाजीला, मिरचीला आणि वांग्या-टोमॅटोला एवढी जागा पुष्कळ झाली.

मग परसबागा मोडतात कशामुळे? विचारले तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "तण आवरत नाही." भांगलणीला बाई मिळाली तर ती आधी उसाला लागते. परसातले तण घरच्या बाईने सकाळी स्वयंपाकाआधी नाहीतर संध्याकाळी धारा झाल्यावर काढायचे, असा रिवाज. चार दिवस आजारपण आले किंवा लग्नकार्य निघाले की तण गुडघ्याला येते आणि बाग सुटते. 'तण खाई धन' ही म्हण आपण उसाला लावतो. परसात तण धनाबरोबर घरच्या बाईचा वेळही खाते. तेव्हा तण काढण्याचे कष्ट वाढवायचे नाहीत, ते उगवण्याआधीच कमी कसे करायचे हे बघायचे.

आधी तण ओळखा

तणाचे दोन वर्ग ध्यानात ठेवावेत.

पहिला वर्ग हंगामी तणांचा. घोळ, माठ, तांदुळजा, केना, चिमणचारा, दुधाणी, कुरडू, गाजर गवत ही तणे प्रामुख्याने बियांपासून येतात. बी धरायच्या आत काढली तर पुढच्या हंगामाची निम्मी लढाई जिंकली. यातल्या केन्याचे मात्र वेगळे आहे. उपटलेला केना ओल्या वाफ्यातच टाकला तर कांड्याला मुळ्या फोडून पुन्हा उभा राहतो. घोळही तशीच चिवट. त्यामुळे ही दोन तणे पाटीत भरून बाहेरच न्यावीत.

दुसरा वर्ग बारमाही तणांचा. लव्हाळा, हराळी, कुंदा ही यातली मुख्य नावे. यांचे वर दिसते त्यापेक्षा जमिनीत जास्त असते. लव्हाळ्याची ओळख सोपी आहे. दांडा दोन बोटांत धरून फिरवला तर तो गोल नसून तीन धारांचा लागतो. खाली काळसर गाठी असतात. हाच नागरमोथा. एका गाठीतून दोरा निघतो, त्याला दुसरी गाठ लागते, तिला तिसरी. अशी माळ तयार होते. आपण खुरप्याने वरचा शेंडा छाटला की खालच्या गाठीतून नवा कोंब येतो. माळ तोडून गाठी तिथेच सोडल्या तर ज्या गाठी आजवर झोपलेल्या होत्या त्याही जाग्या होतात. म्हणूनच "साहेब, जेवढा खुरपावा तेवढा वाढतो" असे लोक म्हणतात, ते खोटे नाही. अर्धवट खुरपला तर वाढतोच.

गाजर गवताबद्दल दोन शब्द. हे तण आपल्याकडचे नव्हे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले आणि नंतर देशभर पसरले. एका झाडाला हजारोंनी बी धरते. पुष्कळांच्या अंगाला त्याने खाज सुटते व पुरळ उठते, काहींना दम्याचा त्रास होतो. ते फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून मुळासकट उपटावे. लहान मुलांना या कामाला लावू नये. त्यावर जगणारा मेक्सिकन भुंगा १९८४ साली आपल्या देशात बंगळूरला प्रथम सोडण्यात आला. पावसाळ्यात तो पाने खाताना दिसला तर मारू नका. आणखी एक गोष्ट. गाजराचा वाफा केला असेल तर घाई करू नये. दोन्हींची कोवळी पाने लांबून सारखी दिसतात. गाजर ओळीत पेरले असेल तर ओळीबाहेरचे ते तण, एवढा साधा हिशेब राहतो.

उन्हाळ्यातील काम

लव्हाळा व हराळीचा बंदोबस्त पावसाळ्यात होत नाही. तो एप्रिल-मे महिन्यांतच करावा लागतो. त्या वेळी परसात पाण्याची ओढ असतेच, त्याचा फायदा घ्यावा.

वाफा कोरडा होऊ द्या. कुदळीने किंवा टिकावाने सुमारे एक फूट खोल खणा. ढेकळे फोडून गाठी व हराळीची मुळे-कांड्या हाताने वेचा. वेचलेले उन्हात पसरून कडकडीत वाळवा व मग जाळा. ओले असताना उकिरड्यावर टाकू नका, तिथून ते खतातून परत येते. खणलेली माती तशीच उन्हात तापू द्या. लव्हाळ्याची गाठ पाण्याला दाद देत नाही, पण कोरडेपणाने मरते.

एवढे केल्यावरही काही गाठी राहतातच. पाणी दिल्यावर त्या उगवतील. तीन-चार पाने झाली की लगेच खुरप्याने उकरून गाठीसकट काढा. पुन्हा पंधरा-वीस दिवसांनी उगवेल, पुन्हा काढा. पान वाढवायला गाठीतला साठा खर्च होतो. पानाने तो परत भरून काढायच्या आत आपण काढत राहिलो तर गाठ रिकामी होते. यात खंड पडला तर मात्र केलेले कष्ट वाया जातात. दोन उन्हाळे व मधला एक पावसाळा एवढी चिकाटी धरावी लागते. एकदम सगळ्या परसाला हात घालू नका. या वर्षी चार वाफे घ्या, पुढच्या वर्षी चार.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही. फार झालेल्या जागी एक हंगाम ताग दाट पेरून फुलावर आला की गाडावा, किंवा रताळी, चवळी, भोपळा अशी जमीन झाकणारी पिके घ्यावीत.

ज्या वाफ्यात बियांपासून येणारी तणे जास्त आहेत तिथे दुसरा उपाय आहे. मे महिन्यात वाफा सपाट करून पाणी द्यावे आणि वाफसा येताच त्यावर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक कागद ताणून अंथरावा. कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे ठेवावा. आतली ओली माती इतकी तापते की वरच्या दोन-तीन इंचांतले बरेचसे बी मरते. नंतर ती माती खोल खणू नये, नाहीतर खालचे जिवंत बी वर येते. या उपायाने लव्हाळ्याच्या गाठी मात्र मरत नाहीत, हे लक्षात असू द्या.

पेरणीआधी एक पाणी

हा उपाय फुकटचा आहे आणि करणारे थोडे आहेत. वाफा तयार करून लगेच बी टाकू नका. आधी पाणी द्या व आठ-दहा दिवस थांबा. वरच्या थरातले तण उगवून येईल. ते बोटभर असताना खुरप्याने वरचेवर खरवडून टाका. खुरपे बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल जाऊ देऊ नका. मग बी पेरा. मेथी, कोथिंबीर, गाजर, कांद्याचे रोप यांना याचा फार उपयोग होतो, कारण ही पिके लहानपणी नाजूक असतात.

मेथी-कोथिंबीर आपण विस्कटून टाकतो. मग खुरपे चालवायला जागा राहत नाही आणि हाताने एकेक काडी उपटत बसावे लागते. अर्ध्या ते एक वितीवर बोटाने रेघ ओढून ओळीत पेरावे. वाफा तीन फुटांपेक्षा रुंद करू नये. दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये.

तण येते कोठून?

स्वच्छ केलेल्या वाफ्यात पुन्हा तण येण्याचे तीन रस्ते आहेत व तिन्ही आपणच उघडे ठेवतो.

पहिला रस्ता शेणखताचा. बी धरलेले तण जनावर खाते व बरेच बी शेणातून जिवंत बाहेर पडते. उकिरडा थरावर थर टाकून ओला ठेवला व मधून-मधून उलथापालथ केली तर आतल्या उष्णतेने ते मरते. काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत तेवढे परसात टाकावे. अर्धवट कुजलेले खत म्हणजे तणाची पेरणी. कारखान्याचे प्रेसमड वापरायचे असेल तर तेही कुजवलेलेच वापरावे.

दुसरा रस्ता पाटाचा. पाटाच्या कडेला बी धरलेले तण असले की प्रत्येक पाण्याबरोबर बी वाफ्यात येते. पाटाच्या कडा व परसाचे कुंपण फुलावर येण्याआधी विळ्याने साफ करावे. वाफ्याच्या तोंडाशी जुनी जाळी लावली तरी फरक पडतो. शक्य असेल तेथे टोमॅटो, वांगी, मिरचीला ठिबकची एक नळी ओढून घ्यावी. झाडाच्या बुडालाच पाणी मिळाले की मधली जागा कोरडी राहते व तिथे तण कमी उगवते.

तिसरा रस्ता रोपांचा. दुसरीकडून आणलेल्या रोपाच्या मातीत लव्हाळ्याची एक गाठ आली तरी पुरे. लावण्याआधी बुडाची माती बघून घ्यावी.

भांगलण कधी करावी?

उसाला पहिले तीन-चार महिने तण सोसत नाही, हे आपल्याला पाठ आहे. भाजीलाही हाच नियम आहे, मुदत तेवढी कमी. सुरुवातीच्या काळात तण राहिले तर पीक खुरटते. पुढे कितीही साफ केले तरी ते भरून येत नाही.

१) मेथी, कोथिंबीर, पालक : उगवल्यावर १२ ते १५ दिवसांनी एक हात फिरवावा. पुढे पीकच जमीन झाकते.

२) टोमॅटो, वांगी, मिरची : लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पहिली, ४० ते ४५ दिवसांनी दुसरी. दुसरीच्या वेळी बुडाला मातीची भर द्यावी.

३) भेंडी, गवार, घेवडा : उगवल्यावर १५ ते २० दिवसांनी पहिली, ३५ ते ४० दिवसांनी दुसरी.

४) कांदा, लसूण : यांचे पान उभे असल्याने जमीन कधीच झाकत नाही. पहिले दोन महिने लक्ष ठेवावे. २० ते २५ व ४० ते ४५ दिवसांनी भांगलण करावी. मुळे वरच्या थरात असतात, म्हणून खुरपे उथळ चालवावे.

रोज थोडे हे सूत्र ठेवावे. एक दिवस एक वाफा धरला तर आठ-दहा दिवसांत सगळी बाग एकदा हाताखालून जाते आणि तण कोवळे असल्याने काम हलके होते. हे काम एकट्या बाईचेच आहे असे कोठे लिहिलेले नाही. दूध घालून आल्यावर पुरुष मंडळींनी अर्धा तास खुरपे हातात धरायला हरकत नसावी.

पाचटाचे आच्छादन

आपल्याकडे आच्छादनाला पैसे पडत नाहीत. पाचट जाळू नका हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. त्यातल्या दोन भाऱ्या परसात आणा. हातभर लांबीचे तुकडे करून, रोपे वीतभर झाल्यावर व एक भांगलण झाल्यावर ओळींच्या मध्ये तीन-चार इंच जाड पसरा. उजेड न मिळाल्याने बियांचे तण उगवत नाही, ओल टिकते, पाण्याची एखादी पाळी वाचते. वरून गोबर गॅसची स्लरी शिंपडली तर पाचट लवकर कुजते.

काळजी तीन गोष्टींची घ्यावी. झाडाच्या खोडाभोवती दोन-तीन इंच जागा मोकळी सोडावी. वाळवी असेल तेथे पाचट कोरडे पडू देऊ नये. घराच्या भिंतीलगत आणि मुलांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर पाचटाचा ढीग नको, कारण त्यात विंचू-सापाला आसरा मिळतो. लव्हाळा पाचटातून व प्लॅस्टिकमधूनही टोक काढून वर येतो, म्हणून आधी तो काढावा, मग आच्छादन करावे.

परसात तणनाशक नको

आता मूळ मुद्दा. "साहेब, एवढं खुरपण्यापेक्षा उसातलंच औषध मारलं तर?" असे पुष्कळ जण विचारतात. उत्तर स्पष्ट आहे : मारू नये. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणांना मारते, आणि आपली बहुतेक भाजी रुंद पानांचीच आहे. ॲट्राझीन जमिनीत मारले की काही आठवडे, कधी काही महिनेही, त्याचा अंश राहतो. तेथे पेरलेली भाजी उगवून पिवळी पडते व मरते. खेरीज परसात मुले खेळतात, कोंबड्या चरतात आणि भाजी आज तोडून आजच शिजते.

उसात तणनाशक वापरताना पुढील पथ्ये पाळावीत :

१) तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. त्यावर तांबड्या रंगाने पट्टा ओढावा म्हणजे घरातल्या कोणालाही कळेल. दुसरा पंप घेणे परवडत नसेल तर चार घरांनी मिळून एक ठेवावा.

२) नाइलाजाने तोच पंप वापरावा लागला तर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने टाकी भरून, नळी व नोझलमधून थोडे पाणी काढून रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवावे. इतके करूनही त्या पंपाने टोमॅटो, मिरची, घेवडा व वेलभाज्या फवारू नयेत. धुतलेले पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा परसात ओतू नये.

३) वारा असताना व भर उन्हात फवारू नये. टू-फोर-डीच्या एस्टर प्रकाराची वाफ होऊन ती शेजारच्या भाजीवर जाते. वस्ती, परस व शेजाऱ्याचा भाजीचा प्लॉट यांच्या लगतच्या सऱ्या खुरप्यानेच भांगलाव्यात.

४) उसाच्या सरीत कांदा, कोथिंबीर, कोबी असे आंतरपीक असेल तर शेतकी खात्याला विचारल्याशिवाय कोणतेही तणनाशक मारू नये.

५) सर्वांत महत्त्वाचे. आपल्या आया-बहिणी उसातून तांदुळजा, घोळ, चाकवत, पाथरी, कुरडूचा कोवळा पाला भाजीसाठी खुडून आणतात. ही भाजी चांगली आहे, आणावी. पण फवारलेल्या शेतातली व बांधावरची आणू नये, ते तण जनावरालाही घालू नये. कोणत्या सऱ्यांत कधी मारले हे फवारणाऱ्याने घरी येऊन सांगितलेच पाहिजे. बांधावर एक फडके बांधून खूण करावी. पुरुषाने मारायचे आणि बाईला माहीतच नाही, असे होता कामा नये.

६) रिकामे डबे फोडून निकामी करावेत. पाणी, रॉकेल, तेल ठेवायला घरात आणू नयेत.

परसात मात्र वर सांगितलेल्या पाच भाज्या म्हणजे तण नव्हेच. भांगलताना कोवळ्या वेगळ्या काढल्या तर एका वेळची भाजी होते. बी धरेपर्यंत ठेवू नयेत एवढेच.

शेवटी

त्या वहिनींची वाकडी झालेली सगळी झाडे आम्ही उपटली. त्यावरची फळे खाल्ली नाहीत, झाडे खतातही टाकली नाहीत. मी त्यांना माझी चूक सांगितली. त्यावर त्या म्हणाल्या, "मला ठावं असतं तर मी कशाला मारलं असतं? पण मला कुनी सांगितलंच न्हाई." हे बोलणे मला लागले, कारण ते खरे होते. आमच्या शेतकी खात्याच्या सभा पुरुषांच्या होतात आणि पंप घरात सगळे वापरतात. यापुढे माझ्या गटभेटीत तणनाशकाविषयी सांगताना घरातील बायकांना बोलावल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही. सभासदांनीही हा लेख घरात वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

त्यांच्या परसात पुन्हा रोपे लावली आहेत. पंपावर तांबडा पट्टा आला आहे.

कोणाच्या परसात पाने वाकडी दिसली, लव्हाळा आवरेना, तर आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाकडे निरोप द्यावा. झाड उपटून आणण्याऐवजी जागेवरच दाखवावे. शेजारचा कांदा कसा आहे तेही बघावे लागते.

आपला,
ऊस विकास अधिकारी